आबांनी पाहिलेली विधानसभा

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात बेल्हे हे एक मोठे गाव आहे. नगरहून कल्याणकडे जाणारा मार्ग या गावावरून जातो. सोमवार हा येथील बाजाराचा दिवस. त्या दिवशी आसपासच्या गावांतून बैल विक्रीस येतात. जाणता शेतकरी बैलाचे दात पाहतो, खांदा चाचपतो, त्याला दहा पावले चालवून पाहतो. मगच किमतीची गोष्ट काढतो. पूर्वी गुरांच्या बाजारात ही किंमतही उघड बोलली जात नसे. उपरण्याखाली एकमेकांची बोटे धरून ती ठरवीत. मात्र बैल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून कोणी सौदा करीत नसे.

आपल्या राज्याचे कायदे कसे होतात, हेही असेच स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, असे बेल्ह्याच्या एका वृद्ध शेतकऱ्याच्या मनात आले. गावात सारे त्यांना आबा म्हणत. त्यांचीच गोष्ट या पाठात सांगितली आहे.

आबांच्या दावणीला खिलारी बैलांची जोडी होती. जुन्नर, आंबेगाव आणि खेड या भागांत गावोगावच्या यात्रेत बैलगाडा शर्यती होतात. गाडा ज्या मार्गावरून धावतो त्याला ‘घाट’ म्हणतात आणि गाड्याच्या एका धावेला ‘बारी’. आबांचे बैल अनेक घाटांवर धावले होते. परंतु दिनांक 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, अशा शर्यतींमुळे बैलांना यातना होतात आणि प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास बंदी करणाऱ्या कायद्यात त्या बसत नाहीत. घाट ओस पडले. आबांना फार वाईट वाटले आणि रागही आला. ते म्हणत, “ज्यानं माझा बैल कधी पाहिला नाही, त्यानं त्याच्याविषयी निकाल कसा दिला?”

पुढे 2017 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने या विषयावर नवा कायदा केला. तोही न्यायालयात गेला. अखेर दिनांक 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. त्या संध्याकाळी आबांनी बैलांच्या कपाळी गुलाल लावला. सहावीत शिकणारा त्यांचा नातू जवळच उभा होता. त्याने विचारले, “आबा, हा कायदा केला तरी कुठं? तुम्ही ती जागा पाहिली आहे का?”

आबांजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी ते गावातील सेवानिवृत्त गुरुजींकडे गेले. गुरुजी म्हणाले, “आबा, चला, आपण ते सभागृहच पाहून येऊ. ते आपल्या सर्वांचेच आहे.” गुरुजींनी आपल्या मतदारसंघाच्या आमदारांना पत्र लिहिले. विधानसभेचे कामकाज पाहू इच्छिणाऱ्या नागरिकास प्रवेशपत्रिका घ्यावी लागते. यथाकाळ दोन प्रवेशपत्रिका मिळाल्या आणि एका पावसाळी अधिवेशनात दोघेही मुंबईस निघाले.

गाडी आळ्याजवळ आली तेव्हा आबांनी हात जोडले. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले, त्या रेड्याची समाधी आळे येथे आहे, असे परंपरा सांगते. पुढे माळशेज घाट लागला. कड्यांवरून पांढरे धबधबे कोसळत होते आणि धुक्यात रस्ता हरवून जात होता. कल्याण मागे पडले आणि दोघे मुंबईत पोहोचले.

मुंबईच्या दक्षिण टोकाला, नरिमन पॉईंट येथे, समुद्राच्या सान्निध्यात विधान भवन उभे आहे. दिनांक 19 एप्रिल 1981 रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते या वास्तूचे उद्घाटन झाले. त्यापूर्वी राज्याचे विधिमंडळ कुलाब्याजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे. ती इमारत मुळात खलाशांसाठी बांधलेले विश्रामगृह होती. आज तेथे राज्याच्या पोलीस दलाचे मुख्यालय आहे.

प्रवेशद्वाराशी आबांची प्रवेशपत्रिका तपासण्यात आली. पिशवी व मोबाईल बाहेर ठेवावा लागला. जिना चढून दोघे प्रेक्षकांच्या गॅलरीत गेले. तेथील शिपायाने नम्रपणे सांगितले, “बाबा, येथे शांत बसायचे. टाळी वाजवायची नाही, घोषणा द्यायची नाही, खालच्या सदस्यांशी बोलायचे नाही.”

आबा खाली वाकून गुरुजींच्या कानाशी कुजबुजले, “गुरुजी, एवढ्या लांबून आलो आणि इथं तोंडच उघडायचं नाही?”

गुरुजी हळूच म्हणाले, “आज आपण ऐकायला आलो आहोत, आबा. आपल्या वतीने बोलण्यासाठी ज्यांना निवडून दिले, ते खाली बसले आहेत.”

आबांनी खाली पाहिले. समोर उंचावर अध्यक्षांचे आसन होते. अध्यक्षांच्या उजव्या हाताला सरकार पक्षाचे सदस्य आणि डाव्या हाताला विरोधी पक्षांचे सदस्य बसले होते. महाराष्ट्राच्या विधानसभेत 288 निवडून आलेले सदस्य असतात. विधिमंडळाचे दुसरे सभागृह म्हणजे विधान परिषद. तिचे सदस्य 78. सभागृहाच्या मध्यभागी काही माणसे मान खाली घालून भराभर लिहीत होती. सभागृहात उच्चारलेला शब्द न् शब्द टिपून घेणारे ते प्रतिवेदक होत.

सभागृहात प्रश्नोत्तरांचा तास चालू होता. एका सदस्याने आपल्या भागातील रखडलेल्या पुलाविषयी प्रश्न विचारला. संबंधित मंत्र्यांनी उभे राहून उत्तर दिले. त्या उत्तराने समाधान न झाल्यामुळे दुसऱ्या सदस्याने उपप्रश्न विचारला. आबांच्या ध्यानात एक गोष्ट आली. कितीही राग आला तरी प्रत्येक सदस्य बोलताना “अध्यक्ष महाराज” असे म्हणूनच आरंभ करी. आपल्या विरोधकाला उत्तर द्यावयाचे असले तरी तो ते अध्यक्षांना उद्देशून देई. दोन माणसे समोरासमोर वाद घालू लागली की शब्दाने शब्द वाढतो. पण तोच शब्द तिसऱ्या, निःपक्षपाती माणसाला उद्देशून उच्चारावा लागला, म्हणजे बोलणाऱ्याला तो तोलून पाहावा लागतो. सभेच्या या लहानशा नियमात किती शहाणपण साठविले आहे!

परंतु सारेच काही असे शांतपणे चालले नाही. थोड्या वेळाने एका विषयावर दोन्ही बाजूंचे सदस्य एकदम उठले आणि मोठा गलबला झाला. कोण काय बोलतो हे कळेना. आबांची निराशा झाली. ते पुटपुटले, “हा तर आपला सोमवारचा बाजार झाला!” इतक्यात अध्यक्ष उठून उभे राहिले. अध्यक्ष उभे राहिले की सर्व सदस्यांनी खाली बसले पाहिजे, असा नियम आहे. एकेक करून सारे खाली बसले आणि सभागृह पुन्हा स्थिर झाले.

गुरुजी म्हणाले, “गलबला येथेही होतो, हे खरे आणि ते चांगले नव्हे. पण एक भेद पाहा. बाजारात किंमत उपरण्याखाली ठरत असे. येथे मात्र काहीही झाकून ठरविता येत नाही. कोण काय बोलले हे लिहिले जाते, छापले जाते आणि वर गॅलरीत आपण बसलेले असतो.”

त्यानंतर एक विधेयक विचारार्थ आले. कायद्याचा जो मसुदा सभागृहापुढे मांडतात त्याला विधेयक म्हणतात. आधी ते मांडले जाते. मग त्याच्या मूळ हेतूवर चर्चा होते. मग त्याच्या प्रत्येक खंडाचा विचार होतो आणि सदस्य दुरुस्त्या सुचवितात. शेवटी संपूर्ण विधेयक मतास टाकतात. अध्यक्षांनी अनुकूल असणारांना ‘होय’ आणि प्रतिकूल असणारांना ‘नाही’ म्हणावयास सांगितले. आवाजावरून बहुमत कळले नाही किंवा सदस्यांनी मागणी केली, तर मते मोजतात. दोन्ही सभागृहांनी संमत केलेले विधेयक राज्यपालांकडे जाते आणि मान्यता मिळाल्यावर त्याचा कायदा होतो.

दुपारी दोघे बाहेर आले. समुद्राकाठच्या कट्ट्यावर बसून त्यांनी शिदोरी सोडली. पाऊस थांबला होता. आबा म्हणाले, “गुरुजी, आमच्या बैलांचा कायदाही इथंच झाला ना?”

“येथेच,” गुरुजी म्हणाले. “पण त्याची कथा येथे सुरू होत नाही. ती फार मागे जाते.”

मग गुरुजींनी ती कथा सांगितली. रुक्मिणीदेवी अरुंडेल या भरतनाट्यमच्या थोर नर्तकी 1952 साली राज्यसभेच्या नियुक्त सदस्या झाल्या. मुक्या प्राण्यांचे हाल थांबावेत यासाठी त्यांनी स्वतः राज्यसभेत विधेयक मांडले. त्यानंतर सरकारने या प्रश्नाच्या अभ्यासासाठी समिती नेमली आणि 1960 साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा संसदेने संमत केला. 2014 चा निकाल या कायद्याच्याच आधारे दिला गेला होता. कायदा करणे हे विधिमंडळाचे काम. त्याचा अर्थ लावणे हे न्यायालयाचे काम.

आबा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पण गुरुजी, आम्ही बैलांना पोटच्या पोरासारखं वाढवतो.”

“तुम्ही वाढवता, आबा. पण घाटावर जिंकण्याच्या हव्यासाने बैलाची शेपटी पिरगाळणारे, त्याला टोचणारे कोणी तुम्ही पाहिलेच नाहीत का?”

आबांनी मान खाली घातली. त्यांनी ते पाहिले होते.

गुरुजी पुढे सांगू लागले. शर्यतीच्या बाजूने बोलणारांचे म्हणणे असे होते की, ही गावांची जुनी परंपरा आहे. शर्यतीमुळे शेतकरी खिलारी बैल हौसेने पाळतात आणि ती जात टिकून राहते. विरुद्ध बाजूचे म्हणणे असे होते की, बैलाची शरीररचना घोड्याप्रमाणे धावण्यासाठी नाही. त्याला भय आणि वेदना दिल्यावाचून तो असा धावत नाही. 2017 च्या एप्रिल महिन्यात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केलेल्या विधेयकात शर्यतीला वाट करून दिली, पण अटी घालून. हा विषय केंद्राच्या कायद्याशी निगडित असल्यामुळे त्यास राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागली. अटी मोडणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास अशी शिक्षा सांगितली. त्याखालील नियमांनुसार शर्यतीस जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. धावपट्टी 1000 मीटरपेक्षा लांब असता कामा नये. बैलास चाबूक, काठी वा विजेचा धक्का देता येत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यती थांबविल्या. दिनांक 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या नियमांच्या अधीन राहून त्यांना अनुमती दिली. आणि 2023 च्या निकालाने तो प्रश्न मिटला.

“म्हणजे आम्हांला शर्यत मिळाली,” आबा म्हणाले, “आणि बैलाला चाबकापासून सुटका मिळाली.”

“होय. कोणाचेच सारे म्हणणे मान्य झाले नाही. पण दोन्ही बाजूंचे ऐकून घेतले गेले. आणि आबा, बैलाला मत नाही, त्याला प्रवेशपत्रिकाही मिळत नाही. तरी त्याची बाजू सभागृहात आणि न्यायालयात मांडली गेली. बोलता न येणाऱ्याच्या वतीने कोणी तरी बोलते, हीच चांगल्या राज्याची खूण.”

आबांना आळ्याची समाधी आठवली. ते काही बोलले नाहीत.

परतीच्या वाटेवर गुरुजींनी आणखी एक हकीकत सांगितली. मुंबई प्रांतात कायदे करणाऱ्या कौन्सिलची पहिली बैठक दिनांक 22 जानेवारी 1862 रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये झाली. तिच्या पहिल्या भारतीय सदस्यांत जगन्नाथ शंकरशेट होते. ते लोकांनी निवडलेले नव्हते. सरकारने नेमलेले होते. सदस्यांना सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकारदेखील 1892 च्या कायद्याने प्रथम मिळाला. 1901 साली शेतजमिनीच्या महसुलाविषयीचे एक विधेयक या कौन्सिलपुढे आले. शेतकऱ्यांच्या हक्कांना त्यामुळे बाध येईल, अशी भीती होती. लोकांचे मत आधी मागवा, घाई करू नका, असा आग्रह फिरोजशहा मेहता यांनी धरला. सरकारने तो मानला नाही. तेव्हा मेहता आणि त्यांच्या पाठोपाठ गोपाळ कृष्ण गोखले व इतर काही सदस्य सभागृह सोडून बाहेर पडले. सरकारी बहुमताच्या बळावर ते विधेयक संमत झाले. परंतु लोकांना न विचारता केलेल्या कायद्याला लोकांचा आधार नसतो, हे त्या सभात्यागाने साऱ्या देशास दाखवून दिले.

आबांनी विचारले, “मग आता आपल्यासारख्यानं आपलं म्हणणं कुठं मांडावं?”

“वाटा पुष्कळ आहेत,” गुरुजी म्हणाले. “अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला मत आहे. आमदारांना पत्र लिहिता येते. सदस्यामार्फत विधानसभेला विनंती अर्ज करता येतो. अशा अर्जांचा विचार करण्यासाठी विधानसभेची एक समितीच असते. एखादे विधेयक विधिमंडळाच्या समितीकडे सोपविले असता ती लोकांच्या सूचना मागवू शकते. आणि आबा, एक सभा अशी आहे की जेथे तुम्हांला गॅलरीत बसावे लागत नाही. तेथे तुम्ही स्वतःच सभासद आहात.”

“ती कोणती?”

“आपली ग्रामसभा! गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो तिचा सभासद. वर्षातून किमान चार वेळा ती भरते. तुम्ही शेवटचे केव्हा गेला होता?”

आबांना आठवेना.

पंधरा ऑगस्टला ग्रामसभा भरली, तेव्हा आबा सर्वांच्या आधी येऊन बसले होते. पुढच्या यात्रेचा विषय निघाला. कोणी म्हणाले, “इतके नियम पाळायचे म्हटले तर शर्यत व्हायचीच नाही. थोडे इकडेतिकडे चालायचेच!” काहींनी माना डोलावल्या. तेव्हा आबा उठले. हात जोडून त्यांनी आरंभ केला, “अध्यक्ष महाराज...”

सभेत हशा पिकला. सरपंचबाईही हसल्या. पण आबा थांबले नाहीत. ते म्हणाले, “सरपंचबाई, ही खुर्ची सभेची आहे, म्हणून तिला मान दिला. माझं म्हणणं एवढंच की, आधी या भावाचं म्हणणं पुरतं ऐकून घ्या. मग शर्यतीचे नियम सगळ्यांपुढं वाचा. मीही घाटावर गाडे पळवले आहेत. तिथं काय चालायचं ते मला ठाऊक आहे. आज ज्याच्याविषयी आपण ठरवणार, तो दावणीला बांधलेला आहे. त्याला इथं येता येत नाही. म्हणून त्याच्या वतीनं मी बोलतो. नियम पाळूनच शर्यत व्हावी.”

क्षणभर सभा स्तब्ध झाली. मग नियम वाचण्यात आले. कोणी शंका विचारली, कोणी उत्तर दिले. एक-दोघांनी आबांना विरोधही केला; आबांनी तो शांतपणे ऐकून घेतला. शेवटी सरपंचबाईंनी मते घेतली आणि सर्व नियम पाळण्याचा ठराव बहुमताने संमत झाला.

मुलांनो, लोकशाही म्हणजे केवळ मुंबईतील एक मोठी इमारत नव्हे. दुसऱ्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे, आपले म्हणणे तोलून मांडावे, बहुमताचा निर्णय मानावा आणि ज्याला बोलता येत नाही त्याला विसरू नये, या चार सवयींवर ती उभी असते. तुमच्या वर्गाची सभा भरते तेव्हा या सवयी लावून घेता येतात. एखादा मुलगा लाजाळू असेल, एखादी मुलगी नुकतीच शाळेत आली असेल. त्यांचे म्हणणे कोणी विचारले का, हे पाहणे तुमचे काम आहे. अठरा वर्षांचे होईपर्यंत मत नाही, हे खरे. परंतु ऐकण्यास आणि न्यायाने बोलण्यास वयाची अट नाही.

स्वाध्याय

1. शर्यतबंदीच्या निकालाचा आबांना राग का आला होता? मुंबईहून परतेपर्यंत त्यांच्या विचारांत कोणता पालट झाला?
2. सभागृहात प्रत्येक सदस्य अध्यक्षांना उद्देशून बोलतो. या नियमाचा उपयोग काय?
3. ‘बाजारात किंमत उपरण्याखाली ठरत असे. येथे मात्र काहीही झाकून ठरविता येत नाही.’ या वाक्यांचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
4. विधेयकाचा कायदा होईपर्यंतच्या पायऱ्या क्रमाने लिहा.
5. शर्यतीच्या बाजूचे व विरुद्ध बाजूचे प्रत्येकी दोन मुद्दे लिहा. वर्गात दोन गट करून, एकास अध्यक्ष नेमून, या विषयावर चर्चा करा. चर्चेनंतर गटांची अदलाबदल करून पुन्हा बोला.
6. घरातील वडील माणसांबरोबर आपल्या गावच्या ग्रामसभेस जा आणि तेथे काय ऐकले ते दहा ओळींत लिहा.